अकरा मिनिटांची बॅटरी

१

लॅपटॉप मंगळवारी सकाळी मेला होता. अधिकाऱ्याच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, आणि तोही ज्या प्रश्नासाठी सगळे जमले होते नेमका तो प्रश्न विचारून झाल्यावर. बुधवारी दुपारी तो घड्याळजीच्या काउंटरवर आला. घेऊन येणाऱ्या बाईचा चेहरा दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकाचा नव्हता. ती फिर्याद घेऊन आली होती.

घड्याळजी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दुकान वडिलांचं, ते घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळं गेली, वडील गेले, नाव तेवढं मुलाच्या गळ्यात पडलं. गेली वीस वर्षं तो लॅपटॉप उघडत होता. साठीचा, किडकिडीत आणि तोंडाने जरा फटकळ. गिऱ्हाईक मशीनबद्दल सांगतं त्यातलं अर्धं खोटं असतं आणि उरलेलं अर्धं त्यालाच कळलेलं नसतं, असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते तो गिऱ्हाइकाला तोंडावर ऐकवायचा.

"बॅटरी चार्ज होत नाही," बाई म्हणाली. "वायर लावली की चालतं, काढली की बंद. पण काका, ती बिघडलेली नाही. कोणीतरी बिघडवलीय."

"कोणी?"

"तेच तुम्ही शोधायचं."

"मी लॅपटॉप दुरुस्त करतो, बाई. पोलीस चौकी पलीकडच्या रस्त्याला आहे."

ती हलली नाही. स्टूल ओढून बसली आणि सांगायला लागली. लॅपटॉप तिच्या वडिलांचा. जन्मभर जमिनी मोजल्या, मोजणीदार म्हणून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. हात असे थरथरतात की लिहिलेलं कोणाला वाचता येत नाही. ऑपरेशनच्या आधी महिनाभर तिने शेजारी बसून त्यांचा आवाज भरून घेतला होता. आता ते एका बोटाने टाइप करतात आणि मशीन त्यांच्याच आवाजात बोलतं. तो प्रोग्रॅम या एकाच मशीनवर चालतो, कारण बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली.

"बाबा दादाकडे राहतात. त्यांना देखभाल केंद्रात ठेवायचा अर्ज दादाने केला. मी हरकत घेतली, म्हणून सरकारी कचेरीत सुनावणी लागली. तिथले साहेब म्हणाले, त्यांना स्वतः सांगू दे. मान हलवलेली चालणार नाही, कारण बाबांची मान दिवसभर हलतेच. मंगळवारी साहेबांनी नाव विचारलं, वय विचारलं, मुलं किती विचारलं. बाबांनी सगळं नीट सांगितलं. मग विचारलं, तुम्हाला केंद्रात जायचंय का? बाबांनी बोट उचललं आणि पडदा काळा. चार्जर घरी राहिलेला."

"मग?"

"शुक्रवारी अकराची तारीख दिली. तेव्हाही उत्तर आलं नाही, तर साहेब कागद बघून निकाल देणार. कागद सगळे दादाचे आहेत. घरी विचारलं तर बाबा म्हणतात, सांगायचं ते साहेबांनाच सांगीन."

"शुक्रवारी चार्जर न्या. सोबत लांब वायर न्या. मिटलं."

"ते मी नेणारच. पण हे कोणी केलं ते मला कळायला हवं. दादाने केलं असेल तर साहेबांसमोर सांगीन आणि त्यानंतर जन्मात त्याचं तोंड बघणार नाही." ती स्टूल आणखी पुढे ओढून म्हणाली, "आई गेल्यापासून आम्ही दोघंच आहोत हो एकमेकांना."

"एवढं आहे तर तुमच्याकडेच का नाही नेत वडिलांना?"

प्रश्न उद्धट होता आणि घड्याळजीला ते माहीत होतं.

"एक खोली आहे माझी. तीन जिने चढून. त्यांची चाकाची खुर्ची दारातून आत येत नाही," ती म्हणाली. "मोजून बघितलंय मी."

घड्याळजीने मशीन पुढ्यात ओढलं.

२

ती गेल्यावर त्याने शटर अर्धं खाली घेतलं आणि कामाला लागला.

चार्जर लावला. दिवा लागला, मशीन सुरू झालं, आणि कोपऱ्यातल्या बॅटरीच्या चिन्हावर तीच जुनी ओळ आली: जोडलेलं आहे, चार्ज होत नाही. असल्या तक्रारी महिन्याला दहा यायच्या. पाच वेळा चार्जर भुक्कड निघतो, तीन वेळा पिन तुटलेली असते, उरलेल्या वेळी बॅटरी म्हातारी झालेली असते. त्याने आपला खात्रीचा चार्जर लावला. ओळ हलली नाही. भिंग लावून पिन तपासली, शाबूत. बॅटरी काढून मीटर लावला; वयाच्या मानाने ठणठणीत. शेवटी फळीवरची त्याच जातीची नवी बॅटरी बसवली. पुन्हा तीच ओळ.

म्हणजे चार्जर निर्दोष, पिन निर्दोष, बॅटरीही निर्दोष. संशयित संपले होते आणि गुन्हा तसाच होता.

तेव्हा कुठे त्याचं लक्ष त्या पत्र्याकडे गेलं. कीबोर्डवर अॅल्युमिनियमचा एक पातळ पत्रा स्क्रूने बसवला होता आणि त्याला प्रत्येक अक्षराच्या जागी गोल भोक होतं. थरथरतं बोट पत्र्यावर टेकवायचं आणि हव्या त्या भोकात घालायचं, म्हणजे शेजारचं बटण दाबलं जात नाही. काम सुबक होतं. भोकांच्या कडा बोटांच्या तेलाने काळवंडल्या होत्या. सगळ्यात वरच्या ओळीवर मात्र पत्रा सलग होता. बोलायला ती बटणं लागत नाहीत. त्या सलग पट्टीत फक्त एक भोक होतं, आणि त्याची कड चांदीसारखी चमकत होती.

घड्याळजीने त्या भोकातून बटण दाबून धरलं आणि मशीन नव्याने सुरू केलं. नेहमीच्या चित्राऐवजी निळं पान उघडलं. मशीनच्या मुळाशी असलेल्या सेटिंगचं पान. सामान्य माणूस जन्मात तिथे जात नाही. पाचव्या ओळीवर लिहिलं होतं: बॅटरी चार्जिंग, बंद. शेजारी बदलाची वेळ: सोमवार, अकरा वाजून वीस मिनिटं. ते बदलायला गेला तर मशीनने पासवर्ड मागितला.

हा बिघाड नव्हताच. मशीनला कोणीतरी हुकूम दिला होता आणि ते बिचारं पाळत होतं.

त्याने बाईला फोन लावला. "सोमवारी सकाळी अकरा वीसला घरी कोण होतं?"

"दादा छापखान्यात. पोरं शाळेत. मी इथे माझ्या कामावर." मग ती म्हणाली, "वहिनी होती. वहिनी एकटीच होती, काका."

३

गुरुवारी सकाळी मशीन पिशवीत घालून घड्याळजी त्यांच्या घरी गेला. सांगायला निमित्त होतं, घरातला स्विचबोर्ड बघायचाय. भावाची त्या दिवशी दुपारपाळी, त्यामुळे तो घरी होता. बोटांच्या पेरांत शाई भरलेला, जाडजूड माणूस.

"बहिणीने धाडलं ना तुम्हाला?" तो म्हणाला. "बघा बोर्ड. माझ्यावरच संशय आहे तिचा. असू दे."

"तुम्हाला मशीनमधलं कळतं?"

"छपाईचं कळतं. त्या लॅपटॉपला मी हात लावत नाही. परवा रविवारी लावला तेवढाच. बाबा म्हणाले, वरच्या ओळीत एक भोक पाड. कुठे ते बोटाने दाखवलं. पत्रा काढला, ड्रिल मारलं, परत बसवला. कशाला हवं ते विचारलं नाही. आधी एकदा बाबांनी तपासलं, मग माझ्याकडून तीनदा मोजून घेतलं."

"तीनदा कशाला?"

"सवय आहे त्यांची. जमीन कधी एकदा मोजून सोडली नाही त्यांनी. लहानपणी आमची उंचीसुद्धा दाराच्या चौकटीला तीनदा मोजायचे. बहिणीला रडू यायचं, खेळायला उशीर होतो म्हणून." तो हसला. "मला त्यांना घालवायचंय असं वाटतं तिला. बायको रात्रीत चार वेळा उठते हो. सहा महिने झाले. तिचं वजन बघा."

सून स्वयंपाकघरात चादरी भिजवत होती. हात कोपरापर्यंत साबणात. खरंच अर्धी झाली होती. घड्याळजीने आडवळण घेतलं नाही. सोमवारी अकरा वीसला कुठे होतात, म्हणून सरळ विचारलं.

"औषधांच्या दुकानात. रांग होती. बारा वाजता आले. पावती आहे, दाखवू?" तिने हात पुसलेसुद्धा नाहीत. "आणि हे पण ऐका. ते जायला हवेत असं मला वाटतं. रोज वाटतं. वाटतं आणि मग रडते. पण ते मशीन मी बंद केलं नाही. मला ते चालूसुद्धा करता येत नाही."

"मंगळवारी चार्जर घरी का राहिला?"

"मी पिशवीत भरला होता. बाबाच म्हणाले, बॅटरी भरलेली आहे, उगाच ओझं नको. मग काढून ठेवला."

"आणि तुम्ही औषधं आणायला गेलात तेव्हा त्यांच्याजवळ कोण होतं?"

"कोणीच नाही. एकटेच होते."

घड्याळजी तिथेच, चादरींच्या बादलीजवळ, पाट ओढून बसला. पिशवीतून मशीन काढलं, बोर्डाला जोडलं आणि वापराची नोंद उघडली. बॅटरी केव्हा भरली, केव्हा उतरली, हे मशीन आपणहून लिहून ठेवतं. घरातल्या कोणाला त्याची कल्पना नव्हती. गेल्या आठवड्यातल्या गुरुवारी कोणीतरी वायर काढून बॅटरी पार शून्यावर जाऊ दिली होती. शेवटचे सहा टक्के उतरायला लागली होती अकरा मिनिटं. शुक्रवारी तेच. अकरा मिनिटं. शनिवारी तेच. पुन्हा अकरा.

सोमवारी अकरा वीसला चार्जिंग बंद केलं गेलं. बारापासून वायर काढलेली. सहा टक्के उरल्यावर वायर पुन्हा लावलेली, आणि नंतर सकाळपर्यंत बॅटरी जागची हलली नव्हती. चार्जरचा दिवा मात्र जळत होता, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटावं, भरतेय. मंगळवारी अधिकाऱ्याच्या खोलीत मशीन उघडलं तेव्हा सहा टक्के होते. अकराव्या मिनिटाला शून्य.

त्याने सोमवारच्या आधीच्या तिन्ही आकड्यांवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. मग उठून आतल्या खोलीचं दार ढकललं.

४

मोजणीदार खिडकीशी खुर्चीत बसले होते. मान संथपणे हलत होती, हो आणि नाही यांच्या मधे कुठेतरी. डोळे मात्र स्थिर होते आणि ते थेट घड्याळजीच्या हातातल्या मशीनवर होते.

"साहेब," दार लावून घेत घड्याळजी म्हणाला, "दुसऱ्या कोणी केलं असतं तर एकदाच करून बघितलं असतं. तीनदा मोजणारा माणूस या घरात एकच आहे. पासवर्डही तुमचाच असणार, आणि ते भोक पाडून घेतल्याशिवाय तुमचं बोट त्या बटणापर्यंत पोचलं नसतं."

म्हाताऱ्याने दाराकडे बोट केलं, मग कानाकडे. बाहेर ऐकू जायला नको. घड्याळजीने खिशातला इअरफोन मशीनला लावला, एक टोक स्वतःच्या कानात घातलं आणि मशीन त्यांच्या मांडीवर ठेवून वायर जोडली. बोट पत्र्यावर टेकलं, थरथरलं, भोकात गेलं. एकेक अक्षर. एका वाक्याला दोन-दोन मिनिटं लागत होती. मग कानात एक भरदार, जरासा सपाट आवाज आला, आणि त्या खुर्चीतल्या देहाकडे बघता तो आवाज त्याचा असेल यावर विश्वास बसेना.

"बरोबर. कोणाला सांगितलंत?"

"अजून कोणाला नाही. पण का, साहेब? तुमची मुलगी तुमच्यासाठी सख्ख्या भावाशी भांडतेय. तुम्हाला जायचं असेल तर जायचंय म्हणा. नसेल तर नाही म्हणा. दोन अक्षरांचं काम आहे."

बोट सुरू झालं ते थांबेचना.

"हो म्हटलं तर मुलगी म्हणेल, दादाने वदवून घेतलं. ती त्याला सोडणार नाही. नाही म्हटलं तर सून मरेल. तुम्ही तिला बघितलंत."

"बघितलं."

"साहेबाने ठरवलं तर दोघं मिळून साहेबाला शिव्या घालतील."

घड्याळजीला राग आला. कोणाचा आला ते त्याला कळेना. "अहो, पण तुम्हाला स्वतःला काय हवंय? ते कोणी विचारलं की नाही? निदान त्या पोरीला तरी खरं सांगा. तिला तेवढंच हवंय."

"ती मला नेऊ शकत नाही. तो ठेवू शकत नाही. खरं कोणाला देऊ?"

बोट पुन्हा पत्र्यावर टेकलं. या वेळी फार वेळ लागला. दोनदा चुकलं, दोनदा खोडलं.

"मला इथेच राहायचंय. माझ्या खोलीत. त्या दिवशी समोर दोन्ही मुलं बसली असती आणि मशीनमध्ये जीव असता, तर मी ते बोललो असतो. माझा माझ्यावर भरवसा नव्हता."

वीस वर्षं घड्याळजीने बंद पडलेली मशीनं चालू केली होती. मशीन बंदच राहावं म्हणून एवढा खटाटोप केलेला माणूस त्याने पहिल्यांदा बघितला. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत आपणही त्यांना काय हवंय ते विचारलं नव्हतं, हे त्याला आठवलं.

"उद्या ती चार्जर नेणार आहे," तो शेवटी म्हणाला. "लांब वायरसुद्धा. तुमची युक्ती उद्या चालणार नाही."

"म्हणून तुम्हाला सांगतो. शुक्रवार उलटेपर्यंत मशीन दुकानात ठेवा. मग परत द्या. पासवर्ड सांगतो. चार्जिंग चालू करून द्या."

"आणि मुलीला मी काय सांगू?"

मोजणीदारांनी बोट भोकातून काढून घेतलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी हलत्या मानेमुळे गालावर वेडंवाकडं पसरत गेलं, आणि ते पुसायला त्यांना हात स्थिर धरता येत नव्हता. घड्याळजीने खिशातला रुमाल काढून पुसलं.

५

शुक्रवारी नऊच्या आधीच ती दुकानाच्या पायरीवर उभी होती. खांद्याला लांब वायरीचं भेंडोळं.

"द्या काका. झालं ना?"

"नाही झालं. पार्ट आला नाही."

"कसला पार्ट? वायरवर तर चालत होतं!"

"खोलताना गेलं," घड्याळजी म्हणाला. मशीन त्याच्या मागच्या फळीवर, फडक्याखाली होतं. "माझ्याच हातून गेलं. सोमवारपर्यंत येईल पार्ट."

ती काउंटर धरून म्हणाली, "काका, आज अकराला तारीख आहे. आज बाबा बोलले नाहीत तर संपलं सगळं. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय."

"आणि कोणी केलं होतं ते? ते तरी कळलं?"

"कोणी नाही. जुनं मशीन, जुनी बॅटरी. तुमच्या दादाचा काही संबंध नाही. वहिनीचाही नाही. मी सगळं तपासलंय."

"सोमवार अकरा वीस म्हणाला होतात."

"चुकीचं वाचलं मी."

तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला वाटलं, आता सांगून टाकावं. फडकं ओढावं, मशीन तिच्या हातात द्यावं, म्हणावं, जा पळ, तुझ्या बापाला घरी राहायचंय. शब्द ओठांवर आले होते. पण मग डोळ्यांपुढे तीन जिन्यांवरची एक खोली आली आणि बादलीतले ते साबणाने भरलेले हात आले, आणि त्याने तोंड मिटून घेतलं.

"म्हणजे तुम्हीच मारलंत ते," ती हळूच म्हणाली आणि भेंडोळं तिथेच टाकून गेली.

अकरा वाजले, साडेअकरा वाजले. तो एका कीबोर्डचं एकच बटण पुन्हा पुन्हा काढून बसवत राहिला. संध्याकाळी समजलं, की अधिकाऱ्याने वीस मिनिटं वाट बघितली, कागद चाळले आणि सही केली. सोमवारी सकाळी केंद्राची गाडी आली. मोजणीदारांना खुर्चीसकट वर चढवलं. त्यांनी काही विरोध केला नाही, आणि करायचा म्हटला तरी कशाने करणार होते?

सोमवारी दुपारी भाऊ आणि बहीण दोघंही दुकानात आली. एकत्र.

"माणूस आहात की कोण?" भाऊ काउंटरवर हात आपटून म्हणाला. शाईचा ठसा काचेवर उमटला. "माझा बाप शेवटच्या वेळी एक शब्द बोलू शकला नाही तुमच्यामुळे! काय माहीत, राहतो म्हणाले असते. मी ठेवलं असतं त्यांना. कसंही करून ठेवलं असतं."

"हो रे दादा," बहीण म्हणाली आणि रडायला लागली. "मला माहीत आहे तू ठेवलं असतंस." भावाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. दोघं मिळून घड्याळजीला आणखी बरंच बोलली. काही शब्द असे होते की शेजारचा शिंपी बाहेर येऊन उभा राहिला.

घड्याळजीने सगळं ऐकून घेतलं. एरवी एका शब्दाला चार शब्द देणारा माणूस, पण तोंड उघडलं नाही. फडकं काढलं, मशीन पुढे ठेवलं. "पार्ट आला," एवढंच म्हणाला.

मशीन तिने छातीशी धरलं, चार्जर भावाने घेतला. दोघं एकाच गाडीतून वडिलांकडे निघाली. बॅटरी शंभर टक्के भरलेली होती. शनिवारपासून उतरून-भरून त्याने तीनदा मोजली होती. वायर न लावता तीन तास बोलता येणार होतं. तीन तासांत मोजणीदार दोघांना काय सांगतील, यातलं अक्षरही खरं असणार नाही, हे तिघांपैकी फक्त घड्याळजीला ठाऊक होतं.